एकेरी बंध, दुहेरी बंध आणि स्नेहकल्पनेचे आयुष्य

प्रयोगशाळेकडून येणारा सिद्ध तैल-घृतांचा परीक्षण अहवाल आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. वर्ण, गंध, विशिष्ट गुरुत्व, अपवर्तनांक यांच्या खाली आम्लमूल्य, साबणीकरण मूल्य, आयोडीन मूल्य, पेरॉक्साइड मूल्य असे आकडे ओळीने छापलेले असतात आणि तळाशी ‘मानकांनुसार’ असा शेरा असतो. बहुतेक वेळा आपण तो शेरा पाहतो आणि कागद फाइलला लावतो. शेरा ज्या आकड्यांवर आधारलेला असतो, त्यांचा अर्थ मात्र क्वचितच विचारला जातो.

वस्तुतः हे आकडे दोन-तीन साध्या प्रश्नांची उत्तरे आहेत. या स्नेहाच्या रेणूंत कार्बन-कार्बन दुहेरी बंध किती आहेत? त्या बंधांच्या आश्रयाने हवेतील ऑक्सिजनने कितपत शिरकाव केला आहे? आणि मेदाम्लांना धरून ठेवणारे एकेरी बंध किती तुटले आहेत? अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात आपण ‘सहसंयुज बंध’ हे प्रकरण शिकलो. बी.ए.एम.एस.ला प्रवेश मिळाल्यावर ते मागे पडले. प्रस्तुत लेखात त्याची उजळणी करून ते तैलपाकाच्या कढईपर्यंत आणि फार्मसीच्या फडताळापर्यंत आणण्याचा प्रयत्न केला आहे.

बंध म्हणजे काय?

अणूच्या केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन निरनिराळ्या कवचांत विभागलेले असतात. रासायनिक व्यवहार चालतो तो सर्वांत बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉनांमुळे. त्यांना संयुजा इलेक्ट्रॉन म्हणतात. हेलियम, निऑन, अरगॉन हे वायू सहसा कोणाशी संयोग पावत नाहीत, कारण त्यांचे बाह्यतम कवच पूर्ण भरलेले असते. हेलियमचे दोन इलेक्ट्रॉनांनी, इतरांचे आठ इलेक्ट्रॉनांनी. अन्य मूलद्रव्यांच्या अणूंचा कल ही पूर्णावस्था गाठण्याकडे असतो.

ती गाठण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला देण्याघेण्याचा. सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो व दोघेही विद्युत्भारित होऊन एकमेकांना आकर्षून धरतात. सैंधवातील बंध या जातीचा, म्हणजे आयनिक आहे. दुसरा मार्ग भागीदारीचा. दोन्ही अणूंना इलेक्ट्रॉन हवेच असतील, तर देणार कोण? अशा वेळी प्रत्येक अणू एकेक इलेक्ट्रॉन सामाईक ठेवतो आणि ती जोडी दोघांच्याही हिशेबी धरली जाते. दोन भावांच्या शेतांच्या बांधावर एकच विहीर असावी आणि तिची नोंद दोघांच्याही सातबाऱ्यावर असावी, तसा हा प्रकार. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ साली ही इलेक्ट्रॉन-जोडीची कल्पना मांडली आणि १९१९ साली अर्व्हिंग लँगम्यूर यांनी तिला ‘कोव्हॅलन्स’ हे नाव दिले. मराठीत आपण त्यास सहसंयुज बंध म्हणतो.

एक जोडी सामाईक असेल तर एकेरी बंध, दोन जोड्या असतील तर दुहेरी आणि तीन असतील तर तिहेरी.

साध्या रेणूंची उदाहरणे

हायड्रोजनच्या अणूत एकच इलेक्ट्रॉन असतो. दोन अणूंनी एकेक इलेक्ट्रॉन एकत्र ठेवला की दोघांचे कवच दोन इलेक्ट्रॉनांनी पूर्ण होते. हा एकेरी बंध. क्लोरीनच्या बाह्य कवचात सात इलेक्ट्रॉन असल्याने त्याची उणीव एकाचीच. म्हणून क्लोरीनच्या रेणूतही एकेरी बंधच असतो.

ऑक्सिजनच्या बाह्य कवचात सहा इलेक्ट्रॉन असतात. आठ पूर्ण करण्यासाठी त्याला दोन हवेत. हे दोन त्याला दोन प्रकारे मिळू शकतात. दोन हायड्रोजन अणूंशी एकेक जोडी केली तर पाणी तयार होते; त्यातील दोन्ही बंध एकेरी. दुसऱ्या ऑक्सिजन अणूशी दोन जोड्या केल्या तर आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजनचा रेणू तयार होतो आणि त्यात दुहेरी बंध असतो.

नायट्रोजनजवळ पाच इलेक्ट्रॉन, म्हणजे उणीव तिघांची. तीन हायड्रोजन अणूंशी तीन एकेरी बंध केले की अमोनिया होतो. दुसऱ्या नायट्रोजनशी तीन जोड्या केल्या की नायट्रोजन वायूचा रेणू होतो. हा तिहेरी बंध विलक्षण बळकट आहे. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजन असूनही तो आपल्या अन्नाशी, औषधाशी किंवा फुफ्फुसांतील रक्ताशी सहसा संयोग पावत नाही, याचे कारण हेच. द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू तो बंध सोडवू शकतात. कारखान्यात त्यासाठी मोठा दाब, उच्च तापमान व उत्प्रेरक लागतो. तेलाच्या डब्यात वरच्या मोकळ्या जागेत नायट्रोजन भरण्याची पद्धत याच निष्क्रियतेवर आधारलेली आहे.

कार्बन डायऑक्साइडमध्ये मधल्या कार्बनचा दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनशी दुहेरी बंध असतो. आपल्या संधानकल्पनेत हा रेणू रोजचाच. आसवाच्या भांड्याच्या तोंडाशी पेटती काडी नेली असता ती विझते, चुन्याची निवळी पांढुरकी होते, तोवर संधान चालू आहे असे आपण समजतो. ती काडी विझते याचे कारण हा वायू ज्वलनास साहाय्य करीत नाही. त्यातील कार्बनने ऑक्सिजनशी जितका संयोग करावयाचा तितका आधीच केलेला असतो.

कार्बनचे चार बंध

स्नेहाचा विचार करण्यासाठी कार्बन नीट समजून घेतला पाहिजे. त्याच्या बाह्य कवचात चार इलेक्ट्रॉन असतात, म्हणून तो एकूण चार बंध करतो. हे चार बंध चार वेगवेगळ्या अणूंशी असू शकतात किंवा त्यांतील दोन वा तीन एकाच शेजाऱ्याशी असू शकतात. कार्बनची संज्ञा येथे ‘सी’ अशी लिहू.

इथेन वायूत दोन कार्बनांमध्ये एकेरी बंध (सी–सी) असतो आणि प्रत्येक कार्बनवर तीन हायड्रोजन असतात. इथिलीनमध्ये दुहेरी बंध (सी=सी) आणि प्रत्येकी दोन हायड्रोजन. ॲसिटिलीनमध्ये तिहेरी बंध (सी≡सी) आणि प्रत्येकी एकच हायड्रोजन. आंब्याच्या व्यापाराशी ज्यांचा संबंध आहे त्यांना शेवटचे दोन वायू ठाऊक आहेत. फळ स्वतःच्या पक्वतेसाठी इथिलीन निर्माण करते; आढीत तोच साठतो. कॅल्शियम कार्बाइडच्या पुडीला ओल लागली की ॲसिटिलीन सुटतो. तो इथिलीनचे काम काही अंशी करतो, पण कार्बाइडमधील अशुद्धीमुळे आर्सेनिक व फॉस्फरसची विषारी संयुगेही सोबत येतात. म्हणून फळे पिकविण्यासाठी कार्बाइडला कायद्याने मनाई आहे, तर इथिलीन वायूला ठरावीक मर्यादेत परवानगी आहे. नावाने व घडणीने इतके जवळचे हे दोन वायू, परंतु एका बंधाच्या फरकाने त्यांचे व्यवहार वेगळे झाले आहेत.

ज्या कार्बन-साखळीत सर्व कार्बन-कार्बन बंध एकेरी असतात तिला संपृक्त म्हणतात, कारण तिच्यात आणखी हायड्रोजन सामावण्यास जागा नसते. दुहेरी वा तिहेरी बंध असलेली साखळी असंपृक्त होय.

दुहेरी म्हणजे दुप्पट बळकट नव्हे

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. सर्वसाधारणपणे सी–सी एकेरी बंध तोडण्यास सुमारे ३४७ किलोज्यूल प्रति मोल ऊर्जा लागते. दुहेरी बंधास सुमारे ६१४ आणि तिहेरी बंधास सुमारे ८३९. म्हणजे दुहेरी बंध एकेरीहून बळकट आहे खरा, पण दुप्पट नाही. दुसऱ्या जोडीने भर घातली ती सुमारे २६७ किलोज्यूलची. पहिली जोडी घट्ट, दुसरी तुलनेने सैल.

याचे कारण जोड्यांच्या स्थानात आहे. पहिली जोडी दोन्ही केंद्रकांच्या बरोबर मध्यरेषेवर असते. तिला सिग्मा बंध म्हणतात. ती जागा व्यापली गेल्यामुळे दुसऱ्या जोडीला रेषेच्या वर व खाली पसरून राहावे लागते. हा पाय बंध. तो उघड्यावर असल्यामुळे बाहेरील द्रव्यांना सहज उपलब्ध होतो. म्हणूनच ब्रोमीनच्या तांबूस पाण्यातून इथिलीन जाऊ दिला तर पाण्याचा रंग नाहीसा होतो. इथेनने अंधारात तसे होत नाही. सैल जोडी सुटते, ब्रोमीनचे दोन अणू दोन कार्बनांवर बसतात आणि दुहेरी बंध एकेरी होतो.

दुसरा परिणाम लांबीचा व आकाराचा. एकेरी सी–सी बंध सुमारे १५४ पिकोमीटर, दुहेरी १३४ आणि तिहेरी १२० पिकोमीटर असतो. एक पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग. जोड्या वाढल्या की अणू जवळ ओढले जातात. शिवाय एकेरी बंधाभोवती साखळी मोकळेपणाने फिरू शकते, तर दुहेरी बंधाभोवती फिरू शकत नाही. दाराला एकच खिळा असेल तर ते त्याभोवती फिरेल, दोन असतील तर फिरणार नाही. या साध्या गोष्टीचा तूप थिजण्याशी थेट संबंध आहे.

स्नेहातील बंध

तैल व घृत यांचा मुख्य घटक एकाच साच्याचा असतो. ग्लिसरॉलच्या तीन कार्बनांवर तीन मेदाम्ले एस्टर बंधाने जोडलेली असतात. या जोडणीत कार्बन व ऑक्सिजन यांच्यातील एकेरी बंध महत्त्वाचा, कारण पाण्याच्या साहाय्याने तुटतो तो हाच. मेदाम्लाच्या लांब साखळीत दुहेरी बंध किती व कोठे, यावर त्या स्नेहाचा स्वभाव ठरतो.

अठरा कार्बनांची चार मेदाम्ले उदाहरणादाखल घेऊ. स्टिअरिक आम्लात एकही सी=सी बंध नाही; ते सुमारे ६९ अंश सेल्सिअसला वितळते. ओलेइक आम्लात एक दुहेरी बंध. ते सुमारे १३ अंशांना वितळते. लिनोलेइकमध्ये दोन, ते उणे ५ अंशांच्या आसपास वितळते. लिनोलेनिकमध्ये तीन, ते उणे ११ अंशांच्या आसपास वितळते. निसर्गतः या दुहेरी बंधापाशी साखळीला बाक येतो आणि बंध फिरू शकत नसल्याने तो बाक टिकून राहतो. सरळ काटक्यांची मोळी घट्ट बांधली जाते, वाकड्यांची बांधली जात नाही. त्याचप्रमाणे बाक असलेल्या साखळ्या जवळ येऊन थिजत नाहीत आणि तेल पातळ राहते. गोघृतातील सुमारे दोन-तृतीयांश मेदाम्ले संपृक्त असल्याने ते हिवाळ्यात थिजते; तीळतेल थिजत नाही.

एरंडतेल याहून वेगळे. त्यातील ८५ टक्क्यांहून अधिक भाग रिसिनोलेइक आम्लाचा असतो. त्यात एक दुहेरी बंध व शिवाय एक हायड्रॉक्सिल गट असतो. त्या गटामुळे रेणू एकमेकांना धरून राहतात आणि तेल दाट होते.

आता आयोडीन मूल्याचा अर्थ लागतो. ब्रोमीनप्रमाणेच आयोडीनही सी=सी बंधावर बसते. १०० ग्रॅम स्नेह जितके ग्रॅम आयोडीन शोषतो तो आकडा म्हणजे आयोडीन मूल्य. थोडक्यात, दुहेरी बंधांची शिरगणती. एस्टरमधील कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध या गणतीत येत नाही. खोबरेल तेलाचे मूल्य सुमारे ६ ते ११, गोघृताचे ३० च्या आसपास, एरंडतेलाचे ८२ ते ९०, तीळतेलाचे १०४ ते १२० आणि जवसाच्या तेलाचे १७० च्या पुढे असते. जवसाचे तेल रंगकामात का वापरतात, ते या शेवटच्या आकड्यावरून कळावे. हवेत उघडे ठेवले की त्याचे असंख्य दुहेरी बंध ऑक्सिजनशी संयोग पावून त्याची सुकी साय धरते.

वनस्पती तूप व भेसळीची परीक्षा

दुहेरी बंधावर हायड्रोजन बसविला तर तेल घट्ट होते. पॉल साबात्ये यांनी निकेल उत्प्रेरकावर केलेल्या कामाला १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तत्पूर्वीच विल्हेल्म नॉर्मान यांनी तेलांसाठी ही प्रक्रिया सिद्ध केली होती. बाजारातील वनस्पती तूप, ज्याला घरोघरी ‘डालडा’ म्हणत, ते या प्रक्रियेचे अपत्य. या प्रक्रियेत काही दुहेरी बंध एकेरी होत नाहीत, पण उत्प्रेरकावर तात्पुरते उघडून उलट्या बाजूने बसतात. त्यामुळे साखळीतील बाक जाऊन ती सरळ होते. ओलेइक आम्लाचे हे सरळ रूप ४५ अंशांच्या आसपास वितळते. यालाच ट्रान्स मेद म्हणतात. हृदयविकाराशी त्याचा संबंध सिद्ध झाल्याने भारतात १ जानेवारी २०२२ पासून औद्योगिक ट्रान्स मेदाची मर्यादा २ टक्के करण्यात आली आहे.

वनस्पती तुपाची गोघृतातील भेसळ ओळखता यावी म्हणून आपल्याकडे त्यात ५ टक्के तीळतेल घालणे सक्तीचे करण्यात आले होते. तीळतेलातील विशिष्ट घटक फरफ्युरल व हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर गुलाबी-लाल रंग देतात. ही बोदुआँ परीक्षा. घृत विकत घेऊन सिद्ध करणाऱ्या निर्मात्याने ती पाकापूर्वी, कच्च्या घृतावर करून घ्यावी.

खवटपणा कसा येतो?

येथे ऑक्सिजनच्या रेणूविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे. दुहेरी बंधाचे पाठ्यपुस्तकातील चित्र उपयुक्त आहे, परंतु अपुरे आहे. द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो. म्हणजे त्यात दोन इलेक्ट्रॉन जोडीविना, सुटे असतात. त्यामुळे हा वायू जोडीने नांदणाऱ्या इलेक्ट्रॉनांवर एकदम चालून येत नाही, पण कोठे सुटा इलेक्ट्रॉन दिसला की तत्काळ चिकटतो.

स्नेहात असा सुटा इलेक्ट्रॉन येतो कोठून? दुहेरी बंधाला लागून असलेल्या कार्बनवरील हायड्रोजन सैल धरलेला असतो. दोन दुहेरी बंधांच्या मधोमध असलेल्या कार्बनवरचा तर अधिकच. उष्णता, प्रकाश किंवा धातूचा अंश यांच्यामुळे तो निघून गेला की मागे सुटा इलेक्ट्रॉन उरतो. तेथे ऑक्सिजन बसून पेरॉक्साइड तयार होते आणि ते होताना शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढून घेतले जाते. तो रेणू पुढच्याचा ओढतो. अशी ही साखळी चालते. एका दुहेरी बंधाच्या ओलेइक आम्लापेक्षा दोन दुहेरी बंधांचे लिनोलेइक आम्ल दहापटीहून अधिक वेगाने बिघडते. पुढे पेरॉक्साइडे फुटून लहान अल्डिहाइडे होतात. नाकाला जाणवणारा खवट वास त्यांचा.

मग सुमारे ११० आयोडीन मूल्याचे तीळतेल टिकते कसे? तिळातील सेसमिन, सेसमोलिन ही द्रव्ये आणि सेसमोलिन तापल्यावर तयार होणारे सेसमॉल यांच्यामुळे. सेसमॉल स्वतःचा हायड्रोजन देऊन ही साखळी मध्येच तोडते. म्हणून दुहेरी बंधांची संख्या हे बिघाडाचे एकमेव गमक नव्हे. तैलकल्पनेत तीळतेलाला मिळालेल्या अग्रस्थानाची कारणे शास्त्रकारांनी आपल्या परिभाषेत दिली आहेत. हे रासायनिक निरीक्षण त्याच्याशेजारी ठेवावे, त्याच्या जागी नव्हे.

हे वैद्याने का जाणावे?

काही वर्षांपूर्वी वमनापूर्वीच्या स्नेहपानात एका रुग्णाला दुसऱ्या दिवशी तीव्र मळमळ व तिसऱ्या दिवशी उलटी झाली. घरच्या मंडळींनी ‘तूप सोसत नाही’ असा निष्कर्ष काढून उपक्रम थांबविण्याची तयारी केली. रुग्णाने एका दुकानातून आणलेली बाटली मागवून वास घेतला तर घृत स्पष्ट खवट होते. वेष्टनावरील मुदत संपण्यास अजून बराच काळ होता. मात्र बाटली काचेच्या दर्शनी कपाटात, उन्हाच्या बाजूस कित्येक महिने उभी होती. दुसरे घृत दिल्यावर स्नेहपान विनासायास पूर्ण झाले.

स्नेहपानात मात्रा दिवसेंदिवस चढती असते आणि उपक्रम सात दिवसांपर्यंत चालतो. चमचाभर औषधात जे खपून जाते ते येथे खपत नाही. अशा वेळी दोष बाटलीचा असतो, परंतु ठपका मात्रेवर, वैद्यावर आणि शेवटी शास्त्रावर येतो.

शार्ङ्गधरसंहितेत चूर्णाची वीर्यावधी दोन महिने, गुटिका व अवलेहाची एक वर्ष आणि घृत-तैलांची चार महिने अधिक एक वर्ष, म्हणजे सोळा महिने, अशी धरली जाते. स्नेह कालांतराने हीनवीर्य होतो हे आपल्याला नवे नाही. पुराण घृताचा दाखला देऊन कोणी खवट बाटलीचे समर्थन करू पाहील, तर ते योग्य नव्हे. पुराण घृत हे उन्माद, अपस्मार आदी विशिष्ट अवस्थांसाठी सांगितलेले स्वतंत्र द्रव्य आहे. शोधनपूर्व स्नेहपानासाठी दिलेली, दुकानात बिघडलेली बाटली म्हणजे पुराण घृत नव्हे.

अहवाल कसा वाचावा?

१. आयोडीन मूल्य : प्रथम मूळ स्नेहाशी ताडून पाहावे. तीळतेलावर सिद्ध केलेल्या तैलाचे मूल्य अपेक्षेपेक्षा फारच वेगळे आले तर दुसरे तेल मिसळल्याची शंका घ्यावी. कच्च्या तेलाच्या तुलनेत ते बरेच घटले असेल तर दुहेरी बंध खर्ची पडले आहेत असे समजावे.

२. पेरॉक्साइड मूल्य : हे चालू बिघाडाचे माप. खाद्यतेलांच्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात शुद्धीकृत तेलांसाठी १० व घाण्याच्या तेलांसाठी १५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति किलो ही कमाल मर्यादा आहे. परंतु पेरॉक्साइडे पुढे फुटतात, त्यामुळे हा आकडा आधी चढतो व नंतर उतरतो. कमी पेरॉक्साइड मूल्य आणि सोबत खवट वास असेल तर स्नेह ताजा नसून बिघाडाची पहिली पायरी ओलांडून पुढे गेलेला असतो. अशा वेळी क्राइस परीक्षा करवून घ्यावी. फ्लोरोग्लुसिनॉल व हायड्रोक्लोरिक आम्लाने गुलाबी-लाल रंग आल्यास खवटपणा निश्चित समजावा. मात्र नमुन्याचा मूळचा रंग गडद नसावा.

३. आम्लमूल्य : हा दुहेरी बंधाचा नव्हे, एस्टरमधील एकेरी बंधाचा हिशेब. पाकात पाण्याचा अंश राहिला किंवा बाटली ओली असली की हा बंध तुटून मेदाम्ले मोकळी होतात. हे मूल्य वाढले तर दोष पाकात किंवा भरणीत शोधावा. कांजी, दही इत्यादी आम्ल द्रव्यांनी सिद्ध केलेल्या स्नेहात ते मुळातच अधिक येऊ शकते. म्हणून आपल्याच मागील बॅचशी तुलना करावी.

४. साबणीकरण मूल्य : हे साखळ्यांच्या सरासरी लांबीचे निदर्शक. खोबरेल तेलात व घृतात आखूड साखळ्या असल्याने ते अधिक, तीळतेलात सुमारे १९० असते. मूळ स्नेहाची ओळख पटविण्यास उपयोगी.

कार्यशाळेत आणि दुकानात

तैलात फेनोद्गम, घृतात फेनशांती, वर्ती अग्नीवर धरली असता शब्द न होणे ही पाकसिद्धीची लक्षणे आपण जाणतोच. त्यांतील शब्दपरीक्षा ही जलांश उरला नसल्याची परीक्षा आहे. तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर आम्लमूल्य पुढे त्याची साक्ष देते. खरपाकापर्यंत तापविलेला स्नेह बिघाडाची सुरुवात कढईतूनच घेऊन येतो.

तांब्याचा अत्यल्प अंशही ऑक्सिडीकरणाचा वेग पुष्कळ वाढवितो. तांब्या-पितळेची भांडी वापरावयाची तर कल्हई शाबूत असावी. साठवणीसाठी ती वापरूच नयेत. लोखंडी गंजका डबाही त्याज्य.

माका, ब्राह्मी, कडुनिंब अशा हिरव्या पानांनी सिद्ध केलेल्या स्नेहात हरितद्रव्य उतरते. प्रकाशात हे हरितद्रव्य ऑक्सिजनला अशा उत्तेजित अवस्थेत नेते, की तो थेट दुहेरी बंधावरच बसू शकतो. म्हणून आकर्षक हिरवे तेल पारदर्शक बाटलीत भरून दर्शनी कपाटात ठेवणे हे विक्रीच्या दृष्टीने कितीही सोयीचे असले तरी औषधाच्या मुळावर येते. गडद बदामी रंगाची बाटली व सावलीचे फडताळ हेच योग्य.

बरणी शक्यतो काठोकाठ भरावी. अर्ध्या रिकाम्या डब्यात उरलेल्या तेलावर हवेचा थर असतो. जुन्या उरलेल्या तेलात नवे तेल ओतू नये, कारण जुन्यातील पेरॉक्साइडे नव्या तेलातील साखळी सुरू करून देतात. बाटल्या धुतल्यावर पूर्ण कोरड्या कराव्यात. आधी आलेला माल आधी विकावा.

औषध नियमांतील नियम १६१-ब नुसार आयुर्वेदिक औषधांच्या वेष्टनावर वापराची मुदत छापावी लागते. ही मुदत योग्य रीतीने ठेवलेल्या बंद बाटलीची असते, उन्हात ठेवलेल्या किंवा फोडून ठेवलेल्या बाटलीची नव्हे. रुग्णाला देताना बाटली फोडल्याची तारीख चिठ्ठीवर लिहिण्याची सवय दुकानदाराने लावून घेतली, तर खर्च काही नाही आणि लाभ मोठा आहे.

समारोप

स्निग्ध गुण म्हणजे दुहेरी बंध, असे समीकरण मांडण्याचा या लेखाचा हेतू नाही. तसे मांडणे शास्त्राला आणि रसायनाला, दोघांनाही अन्यायकारक ठरेल. स्नेहाचे गुण, कर्म, संस्कार यांचा विचार आपल्या संहितांच्या आधारानेच व्हावयाचा. परंतु जो स्नेह रुग्णाच्या हाती पडतो तो कढईतून बाहेर पडल्यापासून हवा, ऊन, ओल आणि धातू यांच्या सहवासात असतो, आणि त्या सहवासात त्याच्या बंधांचे काय झाले, हे त्या अहवालातील चार ओळी सांगतात. फार्मसीचालकांनी पुढील बॅचचा अहवाल हाती येईल तेव्हा तळाच्या शेऱ्याआधी या चार ओळी वाचाव्यात, मागील बॅचच्या अहवालाशेजारी ठेवून ताडून पाहाव्यात; आणि वैद्यांनी स्नेहपानाचा आरंभ करण्यापूर्वी बाटलीचे झाकण स्वतः उघडून वास घ्यावा. पहिल्या कामास पाच मिनिटे पुरतात, दुसऱ्यास तितकीही लागत नाहीत.